प्रजासत्ताक दिनाचे बोलके पान

राष्ट्राच्या जीवनात काही दिवस असे येतात की, त्या दिवशी साऱ्या देशाची दृष्टी एकाच ठिकाणी लागलेली असते. २६ जानेवारी हा भारताच्या जीवनातील असाच एक दिवस होय. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अंमलात आले आणि आपला देश प्रजासत्ताक झाला. त्या दिवशी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली व त्यानंतर दिल्लीच्या आयर्विन स्टेडियमवर मोठा समारंभ झाला. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो हे त्या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते. स्टेडियम माणसांनी फुलून गेले होते. पण देशातील कोट्यवधी लोकांच्या मानाने ती संख्या किती थोडी! उत्सव सर्वांचा, परंतु त्याचे मैदान मात्र लहान, अशी ही अडचण होती. दूर खेड्यात राहणाऱ्या माणसाला आपल्याच देशाचा उत्सव कसा पाहता यावा?

हे अंतर तोडण्याचे काम प्रथम वृत्तपत्रांनी व रेडिओने केले. वृत्तपत्र समारंभाची हकिगत दुसऱ्या दिवशी वाचकाच्या हाती देई, तर रेडिओवरील धावत्या वर्णनामुळे बँडचे सूर त्याच क्षणी घरात ऐकू येत. पुढे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईतही दूरदर्शन केंद्र उघडले. १९८२ मध्ये रंगीत चित्रे व देशभर एकाच वेळी दिसणारे राष्ट्रीय कार्यक्रम आले आणि घरी बसलेल्या माणसाला संचलन डोळ्यांनी पाहता येऊ लागले. तथापि या तिन्ही साधनांत एक गोष्ट समान होती. ती बोलत आणि माणूस ऐकत असे. एखादा चित्ररथ पुढे निघून गेला व त्यावरील प्राणी कोणता, असा प्रश्न मुलाच्या मनात आला, तर त्याचे उत्तर पडद्याला विचारण्याची सोय नव्हती.

ही सोय इंटरनेटमुळे झाली. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच, सुरू झाली. इंटरनेटवरील पाने एकमेकांना जोडण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये मांडली होती. आरंभी ही पाने छापील पानांसारखीच, केवळ वाचण्याजोगी असत. हळूहळू त्यांत एक नवा गुण आला. वाचकाने बोट लावले की पान त्याला उत्तर देऊ लागले. अशा पानाला परस्परसंवादी पान म्हणतात. साध्या भाषेत त्याला ‘बोलके पान’ म्हणता येईल.

प्रजासत्ताक दिनाचे असे पान कसे असते? समजा, त्यात दिल्लीतील कर्तव्यपथाचा नकाशा आहे. विजय चौकावर बोट ठेवले की संचलन कोठून निघते ते कळते; बोट पुढे नेले की इंडिया गेट येते. नकाशाखाली चित्ररथांची रांग आहे. त्यांत महाराष्ट्राचा २०२२ चा चित्ररथ आहे. त्या वर्षी आपल्या राज्याने जैवविविधता हा विषय निवडला होता. त्यावरील शेकरूला स्पर्श करताच हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून तो भीमाशंकरच्या अरण्यात आढळतो, ही माहिती पुढे येते. हरियाल पक्षी, ताम्हणाचे फूल, ब्लू मॉर्मन फुलपाखरू यांनाही असाच स्पर्श करावा आणि त्यांची ओळख करून घ्यावी. दूरदर्शनच्या पडद्यावरून चित्ररथ अल्पावधीत निघून जातो. येथे मात्र तो वाचकासाठी हवा तितका वेळ थांबून राहतो.

हे पान एका माणसाच्या हातून तयार होत नाही. बातमीदार माहिती आणतो, चित्रकार नकाशा काढतो, संपादक मजकूर तपासतो आणि संगणकाचा जाणकार या सर्वांना एकत्र गुंफतो. त्याच्यापाशी मुख्यतः तीन भाषा असतात. पहिली एचटीएमएल. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असे ती संगणकाला सांगते. घराच्या बांधणीत खांब व तुळया असाव्यात, तसे हिचे काम आहे. दुसरी सीएसएस. अक्षरे किती मोठी, रंग कोणता, चित्र कोठे, हे ती ठरवते. म्हणजे ती घराची रंगरंगोटी करते. तिसरी जावास्क्रिप्ट. दाराची कडी वाजली की घरातले माणूस उठून दार उघडते. त्याप्रमाणे वाचकाने बोट लावले की काय करावयाचे, हे या भाषेत लिहिलेले असते. पडद्यावरील प्रत्येक चित्राची जागा मोबाइलला ठाऊक असते. बोट कोणत्या जागी टेकले ते तो पाहतो, त्या जागी कोणते चित्र आहे ते शोधतो आणि त्या चित्रासाठी लिहून ठेवलेली आज्ञा पाळतो. हे सारे इतक्या त्वरेने घडते की, शेकरूच जणू बोलू लागला असे वाटावे.

पान बोलके झाले, तरी ते खरे बोलले पाहिजे. उत्सवाच्या दिवशी लक्षावधी लोक एकच पान पाहतात. म्हणून त्यातील एक चूक लक्षावधी ठिकाणी पोहोचते. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान ध्वजारोहण करतात. त्या वेळी ध्वज खालून वर चढवला जातो. २६ जानेवारीला राष्ट्रपती ध्वज फडकवतात. त्या वेळी ध्वज स्तंभाच्या टोकाशी आधीच बांधलेला असतो व तो केवळ उलगडला जातो. पान तयार करणाऱ्याला हा भेद ठाऊक नसेल, तर तो चित्रात ध्वज खालून वर सरकताना दाखवील आणि मुले तेच खरे मानतील. त्याचप्रमाणे आज ज्याला कर्तव्यपथ म्हणतात, तो मार्ग सप्टेंबर २०२२ पूर्वी राजपथ या नावाने ओळखला जात असे. म्हणून जुन्या छायाचित्राखाली नाव लिहिताना वर्ष पाहावे लागते.

ध्वजाच्या चित्राची तर विशेष काळजी घ्यावी लागते. राष्ट्रध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३ : २ असे ठरलेले आहे. वर केशरी, मध्ये पांढरा व खाली हिरवा असे समान पट्टे आणि मधोमध २४ आऱ्यांचे निळे चक्र, हे त्याचे स्वरूप आहे. आता संगणकाच्या रुंद पडद्यावर ध्वज ३०० बिंदू लांब व २०० बिंदू उंच दिसतो असे समजा. तेच पान मोबाइलच्या अरुंद पडद्यावर उघडले आणि लांबी १५० बिंदूंवर आली, पण उंची २०० बिंदूच राहिली, तर ध्वज उभट होईल व चक्र अंड्यासारखे दिसेल. लांबी निम्मी झाली तर उंचीही निम्मी, म्हणजे १०० बिंदू, झाली पाहिजे. हा नियम सीएसएसच्या एका ओळीत लिहिता येतो. ओळ लहान आहे. पण ती विसरली तर राष्ट्रध्वजाचे रूप बिघडते.

वेळेचा हिशोबही असाच बारीक असतो. समजा, संचलन सकाळी १०-३० वाजता सुरू व्हावयाचे आहे. पानावर नुसते ‘१०-३०’ असे लिहिले, तर लंडनमध्ये राहणारे मराठी कुटुंब कोणते १०-३० समजेल? जानेवारीत लंडनचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. दिल्लीत साडेदहा वाजतात तेव्हा तेथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. यासाठी संगणकात वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवतात आणि वाचक जेथे असेल तेथील घड्याळाप्रमाणे ती दाखवतात.

आणखी एक गंमत आहे. इंटरनेटवरून येणारे चलच्चित्र लहान लहान तुकड्यांनी येत असल्यामुळे ते प्रत्यक्ष घटनेच्या थोडे मागे राहते. लेखी सूचना मात्र जवळजवळ तत्काळ पोहोचते. त्यामुळे ‘आता महाराष्ट्राचा चित्ररथ येत आहे’ अशी सूचना आधी येते व चित्रात दुसऱ्याच राज्याचा चित्ररथ दिसत राहतो. सूचना व चित्र यांना एकाच तालावर चालवणे, हे कुशल जाणकाराचे काम होय.

येथवर जे सांगितले ते पानाच्या सौंदर्याविषयी व सत्यतेविषयी झाले. परंतु पानाची खरी कसोटी निराळीच आहे. ते कोणापर्यंत पोहोचते, ही ती कसोटी होय. मुंबईत उत्तम संगणकापुढे बसलेल्या मुलीला पान क्षणात दिसेल. पण सातपुड्याच्या डोंगरातील एखाद्या पाड्यावर घरात एकच जुना मोबाइल असेल आणि त्यावर इंटरनेटही मंद येत असेल, तर तेथील मुलाचे काय? साध्या गणिताने ही गोष्ट स्पष्ट होईल. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सुमारे ४ मेगाबाइटचे असू शकते. जेथे इंटरनेटचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आहे, तेथे ते उतरण्यास ३२ सेकंद लागतील. कारण एका मेगाबाइटमध्ये ८ मेगाबिट असतात. अशी १० छायाचित्रे पानावर असली, तर पाच मिनिटांहून अधिक काळ वाट पाहावी लागेल. तोवर मुलाचा उत्साह मावळेल आणि पैसे देऊन घेतलेले इंटरनेटही खर्च होऊन जाईल.

यावर उपाय आहेत. पडद्यावर दिसण्यास पुरेल इतकेच लहान करून छायाचित्र १०० किलोबाइटवर आणता येते. मग ते त्याच मंद वेगाने एका सेकंदाच्या आत उतरते व दहाही छायाचित्रांना आठ सेकंद पुरतात. मजकूर तर फारच हलका असतो. एक हजार अक्षरचिन्हांचा मराठी परिच्छेद सुमारे ३ किलोबाइटचाच होतो. म्हणून जाणता कारागीर आधी मजकूर पाठवतो, मागून चित्रे पाठवतो आणि वाचकाने मागितल्यावाचून चलच्चित्र पाठवतच नाही. मोबाइल इतका जुना असेल की बोटाने फिरवण्याचा नकाशा त्याला पेलणार नाही, तर त्याला साधा नकाशा व माहितीची यादी मिळावी, अशीही तजवीज करून ठेवतात. थाट कमी झाला तरी चालेल, पण कोणीही रिकाम्या हाती परत जाता कामा नये.

दुसरी अडचण गर्दीची. संचलन सुरू होताच एका मिनिटात एक लाख लोकांनी पान मागितले, तर दर सेकंदाला सुमारे १,६६७ मागण्या येतात. ज्या संगणकावर पान ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. लग्नाच्या मोठ्या पंगतीत एकच वाढपी असला तर काय होईल? पहिल्या पानावर भात पडेल आणि शेवटच्या पानावरचा पाहुणा उपाशी बसेल. एकाच सर्व्हरचीही अशीच तारांबळ उडते आणि शेवटी तो बंद पडतो. म्हणून पानाच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील अनेक सर्व्हरांवर आधीच ठेवतात. पुण्याच्या वाचकाला मुंबईहून व मदुराईच्या वाचकाला चेन्नईहून पान मिळाले, तर गर्दी वाटली जाते व वेळही वाचतो. ही सारी व्यवस्था उत्सवाच्या आधी करावी लागते. पंगत बसल्यावर वाढपी शोधण्यात अर्थ नसतो.

पाहू न शकणारी मुलेही या देशाचीच मुले आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय असते. परंतु ती सोय चित्र नेहमी अचूक वाचू शकतेच असे नाही. ती मुख्यतः चित्रासोबत लिहिलेले वर्णन वाचते. वर्णनाच्या जागी नुसते ‘चित्र’ एवढेच लिहिले, तर त्या मुलाला फारसे काही कळत नाही. ‘चित्ररथावर तपकिरी रंगाचा, लांब झुपकेदार शेपटीचा शेकरू’ असे लिहिले, तर त्याच्या मनापुढे शेकरू उभा राहतो. काहींना तांबडा व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी नकाशावर रंगाबरोबर नावही लिहावे लागते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी चलच्चित्राखाली बोललेले शब्द द्यावे लागतात. हे काम शेवटी वेळ उरला तर करावयाचे नसते. पानाचा पहिला आराखडा काढतानाच ते ध्यानात धरावे लागते.

बोलके पान वाचकाचे ऐकूनही घेते. २०२२ च्या संचलनानंतर याचा चांगला प्रत्यय आला. त्या वर्षी लोकांना आवडलेला चित्ररथ निवडण्यासाठी ‘मायगव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर मते मागवण्यात आली. परीक्षकांनी राज्यांच्या चित्ररथांत उत्तर प्रदेशाचा चित्ररथ सर्वोत्तम ठरवला. लोकांच्या मतांनी मात्र महाराष्ट्राच्या चित्ररथाला पसंती मिळाली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच होते. परीक्षक कलेची पारख करतात, तर लोक आपली आवड सांगतात. पान लिहिणाऱ्याने या दोहोंची गल्लत न करता ते वेगवेगळे सांगितले पाहिजेत. तसेच एकच माणूस पुनःपुन्हा मत देणार नाही, याचाही बंदोबस्त ठेवला पाहिजे; नाहीतर मोजणीला अर्थ राहणार नाही.

काही पानांवर वाचकांकडून छायाचित्रेही मागवतात. शाळेतील ध्वजवंदनाचे छायाचित्र देशापुढे यावे, अशी मुलांना हौस असते. ती स्वाभाविक आहे. पण मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात ते कोणत्या दिवशी व कोणत्या ठिकाणी काढले, याची नोंद पुष्कळदा दडलेली असते. ती तशीच प्रसिद्ध झाली, तर अनोळखी माणसालाही मुलाचा ठावठिकाणा कळू शकतो. म्हणून प्रामाणिक पान अशी नोंद काढून टाकते, गरजेपेक्षा अधिक माहिती विचारत नाही आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती घेत नाही. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, असे संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या कायद्यातही सांगितले आहे. मुलांनीही छायाचित्र पाठवण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, हेच शहाणपणाचे होय.

संचलनाची रंगीत तालीम २३ जानेवारीला होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पानाचीही अशीच तालीम करतात. जाणकार मुद्दाम खोटी गर्दी निर्माण करून सर्व्हर किती भार सोसतो ते पाहतात. जुना मोबाइल व मंद इंटरनेट घेऊन पान उघडून बघतात. पावसामुळे किंवा धुक्यामुळे कार्यक्रम बदलला, तर सारे पान नव्याने न लिहिता केवळ एक ओळ बदलून भागावे, यासाठी माहिती निराळ्या तक्त्यात ठेवतात. एवढे करूनही चूक राहिलीच, तर ती गुपचूप पुसून न टाकता दुरुस्ती केल्याचे स्पष्टपणे सांगतात. वाचकाचा विश्वास ही या कामातील खरी मिळकत आहे, आणि ती एकदा गेली की सहसा परत येत नाही.

संचलनात रस्त्यावरून जाणाऱ्या जवानाचे पाऊल सर्वांना दिसते. पान तयार करणाऱ्याचे हात कोणालाच दिसत नाहीत. पण त्या हातांनी एक चित्र हलके केले, एक वर्णन नीट लिहिले, एक आकडा पुन्हा तपासला, म्हणजे डोंगरातील एक घर उत्सवात सामील होते. संविधानाने या देशातील प्रत्येकाला समान नागरिक मानले आहे. त्या संविधानाच्या दिवसाचे पानही सर्वांसाठी सारखेच उघडले पाहिजे. जे पान शेवटच्या माणसाच्या हाती पोहोचते, तेच खऱ्या अर्थाने प्रजासत्ताकाचे पान होय.